थकलेल्या धातूची विचारपूस

कुंपणाची एखादी तार हातात घेऊन एकदा वाकवली तर ती तुटत नाही. सरळ करून पुन्हा वाकवली तरी तुटत नाही. परंतु हाच खेळ वीस-पंचवीस वेळा केला, की तीच तार अकस्मात हातात दोन तुकडे ठेवून मोकळी होते. शेवटच्या वेळी आपण काही अधिक जोर लावलेला नसतो; पहिल्या वेळी जेवढा लावला तेवढाच. तरीही पहिल्या वेळी जी शाबूत राहिली ती शेवटच्या वेळी का तुटली? अभियंत्यांनी या प्रकाराला ‘धातूचा थकवा’ असे मोठे मानवी नाव दिले आहे. प्रत्येक वाकवण्याने धातूच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी इजा होते, ती भरून निघत नाही, साठत जाते, आणि एके दिवशी तडा होऊन बाहेर पडते.

विमानप्रवास आता आपल्या समाजात नवलाईचा राहिलेला नाही. नोकरीसाठी आखाती देशांत गेलेला मुलगा, परदेशी नांदणारी लेक, त्यांच्याकडे जाणारे वृद्ध आईबाप असे कोणी ना कोणी घराघरांतून आकाशमार्गाने ये-जा करीत असते. विमान उडाले की घरची माणसे हवामानाची चिंता करतात, वैमानिकाच्या कौशल्यावर भरवसा ठेवतात. परंतु त्या विमानाच्या पत्र्याआड शेवटचे कोणी आणि केव्हा डोकावून पाहिले होते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माणसाची सुमारे दीडशे वर्षे गेली, आणि त्या उत्तराची किंमत वेळोवेळी माणसांच्या प्राणांनी मोजली गेली. तो इतिहास आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

या इतिहासाची सुरुवात आकाशात नव्हे, तर रेल्वेच्या रुळांवर होते. ८ मे १८४२ रोजी व्हर्साय येथील राजोत्सव आटोपून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. इंजिन कोसळले, मागचे डबे त्यावर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक प्रवासी त्यात मरण पावले. सतत हादरे बसून लोखंडाचे स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनते, अशी त्या काळची समजूत होती. स्कॉटलंडचा तरुण अभियंता विल्यम रँकिन याने मोडलेले आस तपासले आणि १८४३ साली दाखवून दिले, की लोखंडाचा पोत बदललेला नसतो. जेथे आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून एक बारीक तडा निघतो आणि तो हळूहळू आत सरकत जातो. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता ऑगस्ट वोलर याने आसांवर आलटूनपालटून ताण आणणारी यंत्रे उभारली आणि वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याचे निष्कर्ष १८७० पर्यंत प्रसिद्ध झाले. ताण जितका कमी तितकी आवर्तने अधिक सोसली जातात; आणि लोखंडाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर तुकडा जवळजवळ कधीच तुटत नाही, असे त्याला आढळले.

ही दिलासा देणारी मर्यादा लोखंड-पोलादाची होती. विमाने ज्या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंनी बनू लागली त्यांना अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण लहान असला तरी तो पुरेशा वेळा आला तर तडा पडावयाचाच. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही तर पुढचे काहीच समजणार नाही.

विमानावर हा ताण येतो तरी कोठून? पंख हवेच्या झोतांनी वरखाली होतात हे आपण खिडकीतून पाहतो. परंतु मोठा ताण धडावर येतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दहा हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे एकचतुर्थांश उरतो. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून आत दाब भरून ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरताना पुन्हा पूर्ववत होते. एक उड्डाण म्हणजे तार एकदा वाकवणे.

हा धडा जगाला कॉमेट विमानाने शिकवला. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे हे जेट विमान २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन निघाले आणि प्रवासी जेट वाहतुकीचे युग सुरू झाले. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, एक कॉमेट कलकत्त्याहून उडताच वादळात सापडून कोसळले व ४३ जण मृत्युमुखी पडले. त्याचे कारण वादळ ठरले. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले दुसरे कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि ३५ जण गेले. विमाने थांबवण्यात आली, अनेक सुधारणा करण्यात आल्या, परंतु खरे कारण हाती न लागताच मार्चमध्ये ती पुन्हा उडू लागली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ८ एप्रिल रोजी, तिसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडले. त्यात २१ जण होते.

आता मात्र फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधन संस्थेने, संचालक आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली, एक असाधारण प्रयोग केला. एका कॉमेटचे अख्खे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत बुडवून, आत पाणी भरून दाब चढवायचा आणि उतरवायचा. बाहेर राहिलेले पंख यंत्रांनी वरखाली करायचे. हवेऐवजी पाणी घेतले, कारण हवा भरलेले धड फाटले असते तर बाँबसारखा स्फोट होऊन पुरावाच नष्ट झाला असता. विमानाने प्रत्यक्ष केलेली आणि टाकीत घडवलेली मिळून ३,०५७ उड्डाणे झाली तेव्हा धड फाटले. तडा एका उघाड्याच्या कोपऱ्यातून निघाला होता. समुद्रातून वर काढलेल्या एल्बाच्या अवशेषांवरही थकव्याची तीच खूण सापडली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कंपनीने चाचणी केली नव्हती काय? केली होती, धडाच्या एका भागाने तर सोळा हजारांहून अधिक आवर्तने सोसली होती. परंतु त्याच नमुन्यावर आधी, मजबुती अजमावण्यासाठी, नेहमीपेक्षा बराच अधिक दाब दिला गेला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांतील धातू किंचित ताणला जाऊन उलट थकव्याला अधिक चिवट झाला. नमुना टिकला तो त्या विशेष संस्काराने, आणि ते श्रेय साऱ्या विमानांच्या नावे मांडले गेले.

कॉमेटच्या आकड्यांत आणखी एक बोध आहे. एल्बाचे विमान सुमारे १,२९० उड्डाणांनंतर फाटले, नेपल्सचे सुमारे ९०० उड्डाणांनंतर, आणि टाकीतले ३,०५७ नंतर. एकाच आराखड्याची, एकाच कारखान्याची ही विमाने. तरीही एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक. अशा ठिकाणी ‘सरासरी आयुष्य’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

तरीही पहिला उपाय सरासरीच्याच आधाराने निघाला. चाचणीत विमान जेवढे टिकेल त्याचा तिसरा-चौथा हिस्सा ‘सुरक्षित आयुष्य’ मानायचा आणि तेवढे पुरे होताच तो भाग बदलायचा. याच काळात दुसरा विचारही पुढे आला. एक तुळई तुटली तरी शेजारच्या तुळईने भार पेलावा, पत्र्यातला तडा जागोजागी बसवलेल्या पट्ट्यांशी अडावा, अशी रचनाच करावी. विमान एका घावात मरू नये, हा त्यातला हेतू. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रवासी विमाने मुख्यतः या दुसऱ्या विचाराने बांधली जाऊ लागली.

पहिल्या विचाराला मोठा धक्का अमेरिकेच्या हवाई दलात बसला. एफ-१११ या लढाऊ विमानाचे पंख उड्डाणात मागेपुढे फिरत असत. ४,००० तासांच्या आयुष्यासाठी त्याची १६,००० तासांची चाचणी झाली होती. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेलिस तळाजवळ अशा एका विमानाचा डावा पंख निखळला आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. विमानाने तोवर अवघे शंभरएक तास उड्डाण केले होते! पंख ज्या बिजागरीवर फिरत असे तिच्या पोलादात घडवतानाच एक दोष राहून गेला होता आणि कारखान्यातील सर्व तपासण्यांतून तो निसटला होता. चाचणीचा हिशेब निर्दोष तुकड्याचा होता. उडत होता तो सदोष तुकडा.

या घटनेने विचाराची दिशाच बदलली. तोवर प्रश्न असा विचारला जात असे, की तडा केव्हा पडेल? आता अभियंते म्हणू लागले, की तडा पहिल्या दिवसापासून आहेच असे धरा, आणि तो घातक होण्यापूर्वी पाहायला केव्हा जायचे ते सांगा. अमेरिकी हवाई दलाच्या १९७४ च्या नियमांनी महत्त्वाच्या भागांत सुमारे सव्वा मिलिमीटरचा तडा कारखान्यातूनच आलेला आहे, असे गृहीत धरावयास लावले.

परंतु असे वेळापत्रक आखायचे तर तडा किती वेगाने वाढतो हे ठाऊक हवे. तड्यांच्या शास्त्राचा पाया ए. ए. ग्रिफिथ याने १९२० च्या सुमारास, काचेच्या नळ्या व कांड्या फोडून, घातला होता; आणि योगायोग असा, की तोही फार्नबरोच्याच संस्थेत. पुढे अमेरिकेत पॉल पॅरिस या तरुण संशोधकाने दाखवले, की तड्याच्या टोकाशी एकवटणाऱ्या ताणाची तीव्रता मोजता आली तर प्रत्येक आवर्तनात तडा किती पुढे सरकेल हे सांगता येते. तीन नामांकित नियतकालिकांनी त्याचा लेख परत पाठवला. अखेर १९६१ साली तो एका विद्यापीठाच्या लहानशा पत्रिकेत छापला गेला. आज जगभरातील तपासणीची वेळापत्रके त्याच नियमाच्या आधाराने मांडली जातात.

हा हिशेब शाळकरी मुलालाही समजावा इतका सोपा आहे. समजा, एखाद्या सांध्यातील तडा २५ मिलिमीटरचा झाला की तपासनिसाच्या डोळ्यांना दिसू शकतो आणि १०० मिलिमीटरचा झाला की सांधा तुटतो. या दोन मापांमध्ये ६,००० उड्डाणे जातात, असे गणिताने निघाले. मग दर ६,००० उड्डाणांनी पाहून चालणार नाही; एकदा नजर चुकली की सारे संपले. दर ३,००० उड्डाणांनी पाहिले तर तडा सापडण्याच्या दोन संधी मिळतात, दर २,००० उड्डाणांनी पाहिले तर तीन. विजेचे भोवरी प्रवाह किंवा ध्वनिलहरी वापरणाऱ्या उपकरणाने पाचच मिलिमीटरचा तडा ओळखता येत असेल, तर हाती असलेला अवधी वाढतो आणि तपासण्या विरळ करता येतात. तड्याचा स्वभाव मात्र कपटी असतो. आयुष्याचा बहुतेक काळ तो मुंगीच्या पावलांनी चालतो आणि शेवटी धावत सुटतो. म्हणून उशीर थोडा झाला तरी धोका थोडा वाढतो असे नाही. तो कित्येक पटींनी वाढतो.

दुसरा विचार, म्हणजे एक भाग तुटला तरी दुसऱ्याने सावरण्याचा, तोही अपुरा आहे हे १४ मे १९७७ रोजी झांबियातील लुसाका येथे दिसले. उतरण्याच्या बेतात असलेल्या बोइंग ७०७ मालवाहू विमानाच्या शेपटीचा उजवा आडवा पंख निखळून पडला आणि विमानातील सहाही जण दगावले. विमानाने १६,७२३ उड्डाणे केली होती, म्हणजे ठरवलेल्या आयुष्याच्या आतच होते. मागच्या तुळईच्या वरच्या पट्टीत तडा हजारो उड्डाणे वाढत होता. पट्टी तुटल्यावर उरलेल्या भागांनी भार पेलायला हवा होता; तो पुरेसा पेलला गेला नाही, आणि नेमलेली तपासणी तो तडा वेळेत दाखवील अशी नव्हती. नंतर त्या जातीची इतर विमाने तपासली तेव्हा सुमारे सात टक्के विमानांत त्याच तुळईला तडे निघाले. घरात दुसरी तुळई आहे हे खरे. पण पहिली मोडली हे कळलेच नाही तर दुसरीच्या असण्याचा उपयोग किती दिवस? १९७८ साली अमेरिकी नागरी नियम बदलले आणि तडा गृहीत धरून तपासणीचे वेळापत्रक आखणे नव्या प्रवासी विमानांना बंधनकारक झाले. पाठोपाठ जुन्या जेट विमानांसाठीही पूरक तपासण्या आल्या.

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे कोणालाही वाटले असते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघाले. सुमारे ७,३०० मीटर उंचीवर धडाच्या पुढच्या भागाचे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छप्पर फाटून उडून गेले. प्रवासी पट्टे बांधून बसले होते म्हणून वाचले. प्रवाशांची सेवा करीत उभी असलेली एक ज्येष्ठ हवाई सेविका मात्र बाहेर फेकली गेली. तिचा देह कधीच सापडला नाही. वैमानिकांनी ते उघडे विमान माऊई बेटावर उतरवले.

हे विमान १९ वर्षांचे होते. त्याने ३५,४९६ तासांत ८९,६८० उड्डाणे केली होती. म्हणजे एक उड्डाण सरासरी चोवीस मिनिटांचे! बेटांमधला प्रवासच तेवढा. खरी मेख येथे आहे. विमान उघडून करावयाची सर्वांत मोठी तपासणी निर्मात्याच्या सल्ल्यानुसार २०,००० तासांनी करावयाची होती. अलोहा ती १५,००० तासांनीच करीत असे. कागदावर पाहता ही कंपनी अधिक दक्ष होती. परंतु निर्मात्याने विमानाचे आयुष्य ५१,००० तास आणि ७५,००० उड्डाणे असे धरले होते. त्या प्रमाणात २०,००० तासांत सुमारे २९,००० उड्डाणे होतात. अलोहाच्या १५,००० तासांत सुमारे ३८,००० होत होती. पत्र्याला घड्याळ कळत नाही. आपण किती वेळा फुगलो एवढेच त्याला कळते. वेळापत्रक नेटाने पाळले जात होते, पण मोजले जात होते ते भलतेच.

दुसरे कारण असे, की तडा एक नव्हता. पत्र्यांच्या जोडावरील डिंक खाऱ्या, दमट हवेत सुटला होता आणि सारा भार रिव्हेटांवर आला होता. एका ओळीतील अनेक रिव्हेटांच्या भोकांपाशी बारीक बारीक तडे पडले. प्रत्येक तडा स्वतंत्रपणे पाहिला तर क्षुल्लक. पण ते एकमेकांना मिळाले तेव्हा मोठ्या तड्याला अडवणाऱ्या पट्ट्या निरुपयोगी ठरल्या. निर्मात्याने पत्रक काढून अनेक जोड तपासण्यास सुचवले होते. सरकारी आदेशाने त्यांपैकी फक्त वरच्या जोडांचीच सक्ती केली होती.

तिसरे कारण माणसाचे. चौकशी मंडळाने तपासनिसाच्या कामाचे जे वर्णन केले ते वाचून मन अस्वस्थ होते. रात्रपाळी, अपुरा उजेड, उंचावर दोराला धरून लोंबकळत शेकडो रिव्हेट एकामागून एक पाहात जायचे, आणि त्यांतील बहुतेक चांगलेच निघायचे. ज्याला काही सापडण्याची अपेक्षाच उरलेली नाही त्याचे डोळे उघडे असूनही पाहात नाहीत. गणित सांगते, की तडा निसटण्याची शक्यता दहांत एक असेल, तर दोन तपासण्यांत तो निसटण्याची शक्यता शंभरांत एक. परंतु हे तेव्हाच खरे, जेव्हा दुसरी तपासणी पहिलीपेक्षा खरोखरच वेगळी असेल. तोच थकलेला माणूस, तोच दिवा आणि तीच सवय असेल, तर दुसरी तपासणी म्हणजे पहिलीचीच नक्कल होय.

अलोहाच्या विमानात चढताना एका प्रवासी स्त्रीला दाराजवळच्या पत्र्यात रिव्हेटांच्या ओळीवर एक लांब चीर दिसली होती. तिने ती कोणाला सांगितली नाही. तिला दोष देण्याचे कारण नाही. एवढ्या मोठ्या व्यवस्थेने हे पाहिलेच असणार, असे तुम्हांआम्हांलाही वाटले असते.

दुरुस्तीच्या जागेचे वेळापत्रक निराळे असते, हा आणखी एक महागडा धडा. १९७८ साली शेपूट जमिनीवर घासलेल्या जपानी बोइंग ७४७ विमानाच्या मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती सदोष झाली. जेथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार पेलायचा तेथे एकाच ओळीवर तो आला. बारा हजारांहून अधिक उड्डाणांनंतर, १२ ऑगस्ट १९८५ रोजी, ती भिंत फुटली आणि ५२० जण मरण पावले. चायना एअरलाइन्सच्या ७४७ विमानाची १९८० सालची अशीच एक अपुरी दुरुस्ती तब्बल बावीस वर्षे ठिगळाखाली तडा वाढवीत राहिली. २५ मे २००२ रोजी ते विमान तैवानजवळ आकाशातच दुभंगले आणि २२५ जण गेले. ठिगळ लावले की जागा नवी होते असे आपण समजतो. वास्तविक तेथे एक नवे वय मोजावयास सुरुवात करावी लागते, आणि ठिगळाखाली पाहणे अधिकच कठीण होऊन बसते.

अलोहानंतर अमेरिकेत वृद्ध विमानांसाठी १९९१ साली कायदा झाला. २०११ पासून अमलात आलेल्या नियमाने मोठ्या विमानांसाठी उड्डाणांची वा तासांची अशी सीमा ठरवावयास लावली, जिच्या पलीकडे सर्वत्र पसरणाऱ्या बारीक तड्यांबद्दल कोणतेही वेळापत्रक भरवसा देऊ शकत नाही. त्याच वर्षी १ एप्रिलला अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीच्या ७३७ विमानाचे छप्पर सुमारे दीड मीटर फाटले. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. त्या जोडाला इतक्या लवकर तडा जाईल अशी अपेक्षा नव्हती. रिव्हेटांची भोकेच नीट पाडलेली नव्हती, असे चौकशीत निघाले. काही दिवसांतच आदेश निघाला, की अशा जातीच्या विमानांनी ३०,००० उड्डाणे ओलांडली की तो जोड उपकरणाने तपासावा आणि पुढे दर ५०० उड्डाणांनी पुन्हा तपासावा. पन्नास वर्षांचे शहाणपण हाताशी असतानाही वेळापत्रक एका आठवड्यात नव्याने लिहावे लागले!

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट ठळकपणे दिसते. विमान सुरक्षित असते ते त्याच्या अंगी कधी न तुटण्याचे बळ असते म्हणून नव्हे. ते तुटू शकते हे मान्य करून कोणीतरी, ठरलेल्या उड्डाणांनंतर, हातात दिवा घेऊन त्याच्याकडे परत येतो म्हणून. कॉमेटच्या वेळी नमुन्याच्या बळावर विश्वास ठेवला गेला, लुसाकाच्या वेळी दुसऱ्या तुळईवर, अलोहाच्या वेळी तासांच्या वहीवर. यांतील कोणतीही गोष्ट मुळात चुकीची नव्हती. चूक झाली ती त्या गोष्टीने पाहण्याची जागा घेतली तेव्हा.

पुढच्या वेळी आपले माणूस विमानात बसेल तेव्हा आपण वैमानिकाची आठवण जरूर ठेवावी. त्याचबरोबर त्या अनोळखी कामगाराचीही आठवण ठेवावी, जो आदल्या रात्री विमानघराच्या छपराखाली, चांगल्याच निघणाऱ्या नव्याण्णव रिव्हेटांनंतर, शंभराव्या रिव्हेटाकडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहात होता.